झेंडावंदनानंतर ग्रामसभेला

एप्रिल २०१७ मध्ये राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने शेतकरी संपाचा ठराव केला. १ जूनपासून दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाणे थांबले, संप राज्यभर पसरला आणि त्याच महिन्यात सरकारने कर्जमाफी जाहीर केली. त्या वर्षी सहावीत असलेली इथली मुले आज मतदार आहेत. ग्रामसभा काय असते हे त्यांच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होते, आणि डेअरीवर न गेलेले दूध त्यांच्या घरात होते. या दोहोंची गाठ घालून देणे शिक्षकाचे काम होते. ते फार थोड्या वर्गांत झाले असावे.

‘हे राजकारण आहे, आपण नोकरदार माणसे,’ असे शिक्षक म्हणतात. सेवेची बंधने खरी आहेत आणि संप योग्य होता की नाही, हा निवाडा वर्गात करूही नये. पण ठराव कसा होतो, हे शिकवण्यात कोणाची बाजू घेतली जाते? सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध नोंदवला गेला का, हे विचारायला कोणत्याही पक्षाची हरकत नसावी.

त्याच संपात नववी-दहावीच्या वर्गाला पुरेल असा एक प्रश्न दडलेला आहे. ३ जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी बोलणी करून काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. अनेक शेतकऱ्यांनी ते मानले नाही आणि संप चालूच राहिला. प्रतिनिधीला अधिकार कोण देतो? किती देतो? त्याने मान्य केलेले सर्वांवर बंधनकारक कधी होते? प्रतिनिधित्वाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा यावर एक तास वाद होऊ द्यावा. मुलांची घरे या प्रश्नातून गेलेली आहेत, ती बोलतील.

आता प्रत्यक्ष कामाचे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी आपल्याकडे ग्रामसभा घेण्याची पद्धत आहे. यांपैकी दोन दिवशी तरी मुले गणवेशात शाळेत असतात. झेंडावंदन, भाषणे, खाऊ, आणि मग आपण त्यांना घरी सोडतो, तेव्हा गावची सभा भरायची असते. सहावी-सातवीच्या मुलांना तिकडे न्यावे. मतदार नसल्यामुळे ती सभेची सदस्य नाहीत, म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधी सांगून, मागे बसून पाहायचे. कोरमसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. डोकी मुलांनी मोजावीत. महिलांची वेगळी सभा आधी झाली का, हे आईला विचारून यावे. पुढे इतिवृत्त वाचायला मिळाले, तर ऐकलेले आणि लिहिलेले ताडून पाहावे.

काही गावांत सभा कागदावरच उरकते, हे मुलांना दिसेल. शिक्षकाची खरी अडचण इथेच आहे, कारण त्याच ग्रामपंचायतीकडे शाळेच्या पाण्याचा अर्ज पडलेला असतो. एकट्या शिक्षकावर हा भार टाकू नये. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि ते गावचे मतदारही असतात. मुलांना सभेला नेण्याचा ठराव समितीनेच करावा आणि मुलांसोबत दोन पालकांनी जावे. येत्या सभेआधीच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि मुलांनी टिपलेले आमच्याकडे पाठवा. आम्ही ते छापू.