मोसंबीच्या फोडी आणि गाण्याच्या मात्रा

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. त्याच्यासाठी लिहिलेले गाणे त्याच्यापर्यंत पोचते ते आई, आजी, मोठी बहीण किंवा अंगणवाडीच्या ताईंच्या तोंडून. त्यामुळे शिकवणारे बालगीत दुहेरी कसोटीला लागते. मोठ्यांना ते दोनदा ऐकून पाठ झाले पाहिजे आणि मुलांना रोज ऐकूनही पुन्हा हवेसे वाटले पाहिजे. दुसरी कसोटी कठीण. उपदेशाने भरलेली बहुतेक गाणी तिथेच गळतात.

मराठीत बालशिक्षणाला शास्त्राची बैठक दिली ती ताराबाई मोडकांनी. गिजुभाई बधेका यांच्यासोबत 1926 मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. 1945 मध्ये त्या बोर्डीला ग्रामीण मुलांत काम करू लागल्या आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ सोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने आली आणि शिक्षण मुलांच्या अंगणात गेले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोचली. परिसरातली वस्तू हेच साधन, हा कोसबाडचा धडा गाण्यालाही तितकाच लागू आहे.

साहित्याच्या बाजूने विंदा करंदीकरांनी मोठे दार उघडले. ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ हे त्यांचे बालकवितासंग्रह 1961 चे. मुलाला धडा न देता त्याच्या कल्पनेला खाद्य द्यायचे, हे त्यांनी शेवटपर्यंत सांभाळले. गदिमांनी ‘देवबाप्पा’ (1953) या चित्रपटासाठी लिहिलेले, पु. ल. देशपांड्यांनी चाल दिलेले आणि आशा भोसल्यांनी गायलेले मोराचे गाणे आजही बालवाडीत वाजते. त्याची ताकद क्रियापदात आहे. गाणे मोराला नाचायला सांगते आणि ऐकणारे मूलच नाचू लागते. शरीर हलले की शब्द लक्षात राहतो.

जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावात असे गाणे लिहायचे तर सुरुवात मोसंबीपासून करावी. घनसावंगी आणि अंबड तालुक्यांतल्या मुलांनी हे फळ झाडावर पाहिलेले असते, हातात धरलेले असते. ‘मोसंबी’ या शब्दाच्या सहा मात्रा होतात आणि दादरा तालाचे एक आवर्तनही सहा मात्रांचेच असते. ‘एक फोड’ सहा मात्रा, ‘आजीला’ सहा, ‘ताईला’ सहा. ‘एक फोड आजीला, एक फोड ताईला’ अशी ओळ टाळीवर आपोआप बसते. मुलाने मूठ सोलल्यासारखी उघडायची आणि एकेक बोट दुमडत फोडी वाटायच्या. पाच फोडींतून दोन गेल्या की तीन उरल्या, ही वजाबाकी बोटांवर घडते. तिचे नाव घेण्याची गरज पडत नाही. घरात जितकी माणसे तितकी कडवी, कारण सहा मात्रांत बसणारे दुसरे नाव घातले तरी ठेका मोडत नाही. कुटुंबाला गाण्यात आणायचे ते असे. ‘सर्वांनी वाटून खावे’ अशी ओळ शेवटी जोडली तर मात्र खेळ संपतो आणि पाठ सुरू होतो. ती ओळ निर्धाराने खोडावी.

यमकाचेही काम केवळ गोडव्याचे नाही. ‘आजीला–ताईला’ ऐकताना शब्दाचा शेवट सारखा आणि आरंभ वेगळा आहे हे मुलाच्या कानाला कळते. अक्षरे ओळखण्याआधी आवाज सुटे करता येणे ही वाचनाची खरी पूर्वतयारी आहे. जोडाक्षरांनी दाटलेली ओळ इथे आडवी येते.

या भागात ऊसही आहे. तीर्थपुरीला साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो, तेव्हा मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे मुलाबाळांसह फडावर, कोपीत मुक्कामाला जातात आणि त्या मुलांची अंगणवाडी मागे सुटते. पुस्तक, पाटी, तक्ता काहीही बरोबर जाणार नाही. गाणे जाऊ शकते. म्हणून कोयता, मोळी, बैलगाडी, वाढे हे शब्द बालगीतात यायलाच हवेत. बर्फ आणि बगीचा यांच्याच गाण्यांवर वाढणाऱ्या मुलाला स्वतःचे घर गाण्याच्या लायकीचे नाही असे वाटू लागते. हा अन्याय लिहिणाऱ्याला टाळता येतो. मोळी बांधणे, गाडीत चढवणे, बैल हाकणे या कृती अभिनयासाठी तयारच आहेत आणि त्यांचा क्रम पाठ करताना ‘आधी–नंतर’ ही कल्पनाही पक्की होते.

चाल सोपी हवी. लहान मुलांचा आवाज पाच-सहा स्वरांत मोकळा राहतो. वरच्या सप्तकात नेलेले ध्रुवपद ती गात नाहीत, ओरडतात. ताईंनी स्वतःच्या सोयीची खालची पट्टी धरली तर मुले पुटपुटतात. ओळ एका श्वासात संपावी आणि ध्रुवपद लवकर परत यावे.

लिहून झालेले गाणे कागदावर तपासता येत नाही. ते आठवडाभर मुलांत गाऊन पाहावे. ज्या शब्दावर बरीच मुले अडखळतात तो बदलावा. त्यांनी स्वतःहून एखादा शब्द फिरवला आणि तो मात्रेत बसत असेल, तर मुलांचा शब्द ठेवावा आणि आपला सोडावा.