विश्लेषण : लाखभर किलोमीटर धावलेली ‘परफॉर्मन्स कार’ घ्यावी की नको?

स्कोडाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ऑक्टाव्हिया आरएस’च्या अवघ्या १०० गाड्या भारतात आणल्या. एक्स-शोरूम किंमत ४९.९९ लाख रुपये. त्याआधी मे महिन्यात आलेल्या फोक्सवॅगन ‘गोल्फ जीटीआय’ची किंमत होती ५३ लाख. वेगाची हौस आहे, पण ५० लाखांची तयारी नाही, अशांची नजर मग जुन्या बाजाराकडे वळते. तिथे याच घराण्यातली, २०१७ मध्ये २४.६२ लाखांना आलेली ‘ऑक्टाव्हिया आरएस २३०’ एखाद्या मध्यम एसयूव्हीच्या पैशांत मिळू शकते. फक्त मीटरवरचा आकडा लाखाच्या पुढे गेलेला असतो. अशी गाडी घेणे शहाणपणाचे की हौसेपोटी ओढवून घेतलेले संकट, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

जुन्या बाजाराचे गणित बदलवणाऱ्या तीन गोष्टी अलीकडे घडल्या. पहिली, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा उपकर रद्द होऊन जीएसटी सरसकट ४० टक्के झाला. पूर्वी उपकरासह हा भार ४५ ते ५० टक्के होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमतही खाली यायला हवी. विक्रेता जर जुन्या ऑन-रोड किमतीचा हिशेब मांडत असेल, तर घासाघीस करायला इथे वाव आहे. दुसरी, डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के हा एकच दर ठरवला. हा कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या फक्त नफ्यावर लागतो. त्याने १२ लाखांना घेतलेली गाडी १४ लाखांना विकली, तर दोन लाखांवर ३६ हजार. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहाराला तो लागू नाही. तिसरी गोष्ट म्हणजे दिल्लीतल्या जुन्या गाड्यांबाबतचे न्यायालयीन आदेश. त्यांचा थेट परिणाम महाराष्ट्रात येणाऱ्या ‘डीएल’ पासिंगच्या गाड्यांवर होतो.

रनिंग जास्त म्हणजे गाडी खराब, असे असते का?

नाही. मीटर अंतर मोजते, झीज नव्हे. एक साधा हिशेब पाहू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नियमित ये-जा करणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर धरला, तर १ लाख १० हजार किलोमीटरसाठी तिचे इंजिन दोन हजार तास चालले. शहरातच फिरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी १६ धरला, तर ४८ हजार किलोमीटरसाठी इंजिन तीन हजार तास चालले. म्हणजे निम्म्याहून कमी रनिंग असलेल्या दुसऱ्या गाडीचे इंजिन दीडपट राबलेले आहे. सिग्नलवर उभे राहणे, क्लचची सततची उघडझाप, खड्डे आणि चार किलोमीटरवर बंद होणारे अर्धवट तापलेले इंजिन हे वेगळेच. उलट वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालून बाकी काळ झाकून ठेवलेल्या गाडीत रबरी सील सुकतात, टायर कडक होतात, बॅटरी जाते. त्यामुळे ‘किती चालली’ याइतकेच ‘कशी चालली आणि काय काय बदलले’ हे विचारायला हवे.

या गाड्यांत नेमके काय झिजते?

परफॉर्मन्स कारचे इंजिन आकाराने लहान, पण टर्बोमुळे ताकदीने मोठे असते. आरएस २३० मध्ये दोन लिटरचे पेट्रोल इंजिन २३० पीएस देते. एवढी शक्ती म्हणजे जास्त उष्णता आणि जास्त दाब. त्यामुळे तेल वेळेवर बदलले नाही तर पहिला फटका टर्बोच्या बेअरिंगला आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरला बसतो. फोक्सवॅगन समूहाच्या या इंजिन घराण्यात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचे प्लॅस्टिकचे आवरण गळणे ही परिचित तक्रार आहे. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने इनटेक व्हॉल्व्हवर काजळीही साचते. बीएमडब्ल्यूच्या ‘३२८आय’मधील ‘एन२०’ इंजिनात टायमिंग चेनचे प्लॅस्टिक गाइड तुटण्याचा प्रश्न जगभर गाजला.

गिअरबॉक्सकडे तर विशेष लक्ष हवे. आरएस २३० मधला सहा गिअरचा डीएसजी हा तेलात बुडालेल्या क्लचचा आहे आणि त्याचे तेल व फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागतात. म्हणजे १ लाख २० हजार चाललेल्या गाडीच्या फाइलमध्ये या कामाची दोन बिले दिसायला हवीत. ती नसतील तर विक्रेता कितीही ‘वेल मेंटेन्ड’ म्हणो, गाडी तशी नाही. याखेरीज डिस्क, सस्पेन्शनचे बुश, शॉक अॅब्सॉर्बर आणि इंजिन माउंट लाखाच्या आसपास कामाला येतातच. त्यांची झीज हा दोष नव्हे, मात्र ती किमतीतून वजा व्हायला हवी.

रीमॅप केलेली गाडी टाळावी का?

अशा गाड्यांचे मालक बहुधा हौशी असतात, त्यामुळे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली गाडी समोर येण्याची शक्यता मोठी. मूळ ताकदीत ५०-६० पीएसची भर पडली की क्लच, टर्बो आणि ड्राइव्ह शाफ्ट यांच्यावरचा ताणही वाढतो. अनेक जण विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात. मात्र ते बदलल्याची खूण अनेकदा अधिकृत स्कॅनमध्ये सापडते. बदललेला एक्झॉस्ट, इनटेक, खाली बसवलेली गाडी ही बाहेरची लक्षणे.

कायद्याचा भागही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडकवू शकतो. त्यामुळे रीमॅप लपवलेली गाडी सोडून द्यावी. रीमॅप उघडपणे सांगितलेली असेल तर झिजलेल्या क्लचची किंमत धरूनच बोलणी करावी.

मीटर खरे आहे हे कसे ओळखायचे?

एका पुराव्यावर विसंबू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ते ओळीने मांडले की आकडा मध्येच मागे गेला का, हे पाच मिनिटांत दिसते. गाडीतल्या अनेक कंट्रोल युनिटमध्ये किलोमीटरची नोंद स्वतंत्रपणे होत असते. मीटर मागे फिरवणारा प्रत्येक ठिकाणी पोहोचतोच असे नाही, म्हणून सखोल स्कॅन करून घ्यावा. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोडही बोलका असतो. २३२२ म्हणजे २०२२ सालातला २३ वा आठवडा. ‘३० हजार चाललेली, कंपनीचेच टायर’ असा दावा असलेल्या २०१८ च्या गाडीवर २०२२ चे टायर असतील, तर प्रश्न विचारायला हवा. गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, झिजलेले पेडल आणि चालकाच्या बाजूचे दबलेले सीटही मीटरशी जुळायला हवे.

पाहणीला जाताना इंजिन थंडच ठेवायला सांगावे. गरम करून ठेवलेल्या इंजिनात सुरू होतानाचा चेनचा खडखडाट आणि निळा धूर लपतो. त्यानंतर किमान अर्धा तास चालवून, पुन्हा गर्दीत हळू चालवून गिअरबॉक्स अडखळतो का ते पाहावे. शेवटी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणे अनिवार्य. विक्रेता यापैकी कशालाही नकार देत असेल, तर उत्तर मिळाले असे समजावे.

दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी आणावी का?

दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई करणारे हरित लवादाचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले. मुदत जवळ आलेल्या महागड्या गाड्या तेव्हापासून इतर राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना इंधन न देण्याचा निर्णय काही दिवसांतच थांबवावा लागला. १२ ऑगस्टला न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे कठोर कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ च्या आदेशाने हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. म्हणजेच बीएस-४ गाडीच्या दिल्लीतील मालकाला आता ती घाईने विकण्याची गरज नाही. ‘मुदत संपतेय म्हणून स्वस्त’ हे कारण कुणी देत असेल, तर बीएस श्रेणी तपासावी.

दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. वयानुसार तो कमी होतो, पण महाग गाडीच्या बाबतीत रक्कम लहान नसते. परदेशातून तयार आलेल्या गाडीला दर आणखी चढा असतो. हा आकडा आरटीओतून आधी काढावा आणि मगच ‘दोन लाखांनी स्वस्त’ या वाक्यावर विश्वास ठेवावा.

कागदपत्रांत धोका कुठे असतो?

सर्वांत मोठा धोका सह्या केलेले टीटीओ फॉर्म हातोहात फिरवण्यात आहे. मधल्या दोन मालकांनी आरसीवर नावच चढवलेले नसते. अपघात झाल्यास भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० वर आरसीतल्याच मालकाची सही हवी. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घेऊन बोजा उतरवून घ्यावा. मालकांची संख्या, विमा, बोजा ‘वाहन’ पोर्टलवर दिसतात. थकीत ई-चलान व्यवहाराआधी भरून घ्यावीत.

विमा हस्तांतराकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. आधीच्या मालकाच्या पॉलिसीतील तृतीय पक्ष संरक्षण नव्या मालकाकडे येते, मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मिळण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावे लागते. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. म्हणून तो आपल्याला मिळेल असे धरून हप्त्याचा हिशेब करू नये.

ई-२० पेट्रोलचा परिणाम किती?

एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतांश गाड्या २० टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या नाहीत. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा गाड्यांचे मायलेज तीन ते सहा टक्क्यांनी घटू शकते, तसेच काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे म्हटले होते. यामुळे गाडी नाकारण्याचे कारण नाही. पण इंधन पाइप आणि सील पाहणीच्या यादीत असावेत.

खर्चाचे गणित कसे मांडावे?

गाडीची किंमत घसरते, सुट्या भागांची घसरत नाही. १२ लाखांना घेतलेल्या आरएसचा वॉटर पंप, क्लच किंवा टर्बो आजच्या ५० लाखांच्या गाडीच्या दरानेच मिळतो. आरएस २३० ला एक दिलासा आहे. तिचे इंजिन समूहाच्या इतर मॉडेलच्या जातकुळीतले असल्याने अनेक भाग उपलब्ध असतात. मात्र बंपर, सीट, ब्रेक असे खास आरएसचे भाग मागवावे लागतात आणि तोवर गाडी उभी राहते.

म्हणून बजेट १५ लाखांचे असेल तर गाडी १२ लाखांपर्यंतची पाहावी. उरलेले तीन लाख नाव चढवणे, विमा, पहिली मोठी सर्व्हिस, टायर आणि एका मोठ्या बिघाडासाठी बाजूला ठेवावेत. पहिल्या वर्षी ते खर्च झाले नाहीत तर उत्तम. पण ते हाताशी नसतील, किंवा सगळी रक्कम कर्जाची असेल, तर ही गाडी परवडत नाही असाच अर्थ घ्यावा.

मग घ्यावी की नको?

समजा, समोर एकाच वर्षाच्या दोन आरएस आहेत. एक १ लाख १५ हजार चाललेली, एकाच मालकाची, प्रत्येक बिल फाइलला लावलेले, चेन-पंप-क्लचची कामे झालेली. दुसरी ५५ हजारांची, तिसऱ्या मालकाची, दोन वर्षांची बिले गायब. बाजार दुसरीला जास्त भाव देतो, कारण मीटर सगळ्यांना वाचता येते आणि फाइल वाचायचा कंटाळा येतो. जाणकार खरेदीदाराचा फायदा नेमका इथे आहे. पहिली गाडी कमी पैशांत मिळते आणि तिच्यात पुढे काय खर्च येणार याचा अंदाज बांधता येतो.

मात्र ही घरातली एकमेव गाडी असेल, रोज तिच्यावरच कामावर जायचे असेल किंवा राहत्या गावापासून शंभर किलोमीटरवरही तिचा जाणकार मेकॅनिक नसेल, तर पूर्ण फाइल असलेली गाडीही सोडून द्यावी. आणि घ्यायचीच असेल तर स्वतंत्र मेकॅनिकची लेखी तपासणी होईपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नये.