मुरमाची वाट

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला 'माझी वाट' हा विषय निबंधासाठी दिला होता. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे जीवनाची वाट, ध्येयाची वाट, काट्याकुट्यांची वाट असे लिहून आणले. उत्तर सोलापूर तालुक्यातील एका वस्तीवरून येणाऱ्या विद्यार्थिनीने मात्र शब्द जसाच्या तसा घेतला. घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंतची चार किलोमीटरची वाट तिने लिहिली : मुरमाचा भाग कुठे संपतो, काळी माती कुठे लागते, पावसाळ्यात सायकल कुठे हातात धरून चालावे लागते, सगळे नेमके. निबंधाच्या शेवटी तीन वाक्ये होती. "रविवारी सर याच बाजूला सायकलवर फिरायला येतात. त्यांना ही वाट आवडते. आम्हाला तिच्यावर डांबर हवे आहे."

तिला पैकीच्या पैकी गुण दिले, पण त्या तीन वाक्यांना उत्तर देणे राहून गेले. प्रस्तुत लेख हे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

तिचे निरीक्षण खरे आहे. सहा-सात वर्षांपासून मी रविवारी पहाटे सायकल काढतो. तुळजापूर रस्त्याची वाहने टाळून एकरुखच्या, म्हणजे आपल्या हिप्परग्याच्या तलावाकडे जातो. १८७१ साली पूर्ण झालेला हा तलाव आजही शहराच्या जवळचे सर्वांत मोठे पाणी आहे. हिवाळ्यात त्याच्या काठावर बदके उतरतात, एखाद्या वर्षी पट्टकदंब हंसही दिसतात. तिथून आडवाटांनी नान्नजच्या दिशेला वळले की तास-दीड तास एकही मोटार भेटत नाही. चाकाखाली मुरमाचा करकर आवाज, वर चंडोल, दोन्ही बाजूंना कुसळी आणि पवन्याचे गवत. काट्याने चाक पंक्चर होते, तेव्हा एखादा मेंढपाळ थांबून विचारपूस करतो. शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर हे सुख आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

या भटकंतीने मला भाषेचे दोन शब्द परत दिले. पहिला 'चाकोरी'. समीक्षेत आपण तो किती सहज वापरतो! चाकोरीबद्ध लेखन, चाकोरीबाहेरचा कवी. पण बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खरी चाकोरी मी नीट पाहिली ती सायकलचे पुढचे चाक तिच्यात अडकून पडलो तेव्हा. चाकोरीतून बाहेर पडणे म्हणजे काय, हे तेव्हा कोपराला कळले. डांबरी रस्त्यावर चाकोरी उमटत नाही. तिथे तो शब्द केवळ रूपक म्हणून उरतो. दुसरा शब्द 'वहिवाट'. माणसे वर्षानुवर्षे चालत आली म्हणून जी वाट आहे, ती. गावनकाशावर अशा वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, आणि कोणी बांध घालून त्या अडवल्या तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. चालण्यातून निर्माण होणारा हक्क, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

आता माळाविषयी. सोलापूरला जंगल नाही, असे आपण सोलापूरकरच सांगत असतो. जंगल म्हणजे झाडे, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे. ते पक्के करण्यात साहित्याचाही वाटा आहे. मारुती चितमपल्ली १९३२ साली याच शहरात जन्मले आणि १८ जून २०२५ रोजी याच शहरात गेले. २००६ साली येथे भरलेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण वनखात्यातल्या नोकरीने त्यांना विदर्भात नेले, आणि मराठी वाचकाच्या मनात त्यांच्या नावाबरोबर उभे राहते ते नवेगावबांधचे जंगल आणि कोहळी समाजाने घडवलेल्या तलावांचा तो प्रदेश. ते स्वाभाविकच आहे. त्यांनी आपल्याला रान वाचायला शिकवले. मात्र ती नजर घेऊन आपण घराजवळच्या माळाकडे वळलो नाही, हा दोष आपला, वाचकांचा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) हा ठळक अपवाद. तिथला माळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही, तो माणसांचे जगणे ठरवतो. एरवी आपल्या कथा-कवितांत माळ येतो तो उजाड, उदास, ओसाड या विशेषणांसह.

विशेषणे निरुपद्रवी नसतात. सरकारी भाषेत माळाचा मोठा भाग 'पडीक' या सदरात मोडतो. पडीक म्हटले, की तिथे काहीतरी केलेच पाहिजे असे वाटू लागते : झाडे लावा, चर खणा, रस्ता काढा. गवतावर जगणाऱ्या पक्ष्याला दाट झाडी मानवत नाही, हे ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये घोषित झालेले अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे होती, शेते होती, महामार्गही होते. त्यामुळे लोकांना ते पक्ष्याचे घर न वाटता स्वतःच्या जमिनीवरचे बंधन वाटले. पुढे त्याचे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आले. दरम्यान माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. आज देशात जे दीडशेच्या आसपास उरले आहेत, ते प्रामुख्याने राजस्थानात. सहा-सात वर्षांच्या भटकंतीत मी काळवीट पुष्कळ पाहिले, एकदा लांडगा पाहिला; माळढोक एकदाही नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्या आहेत. तिथल्या खडकाळ, उथळ मातीत नांगर चालला नाही, म्हणून ते गवत टिकले. एम्पोरिया या गावातून २००६ पासून, म्हणजे आपल्याकडे संमेलन भरले त्या वर्षापासून, त्या टेकड्यांतल्या खडीच्या वाटांवर दोनशे मैलांची सायकल शर्यत भरते आणि जगभरातून सायकलस्वार तिथे येतात. आपला माळही असाच. काळ्या कातळाची झीज होऊन झालेला मुरूम, वर वीतभर माती. नांगराला नको असलेली जमीन गवताने सांभाळली. फरक इतकाच, की तिथे त्या वाटांना स्वतःची किंमत आहे. इथे मुरमाची वाट म्हणजे अद्याप डांबर न पडलेला रस्ता.

मात्र इथे एम्पोरिया उभारावे, असे मी सुचवत नाही. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. धाविक, टिटवी यांची घरटीही जमिनीवरच असतात. तिथे वीस सायकलींचा जथाही उपद्रवच ठरेल, मग रविवारी माळावर आडव्यातिडव्या धावणाऱ्या जीपगाड्यांविषयी काय बोलावे? अभयारण्याचा राखलेला भाग सायकलवाल्यांनीही वगळावा आणि विणीच्या दिवसांत तर दूरच राहावे, असे माझे मत आहे. ज्याला वाट आवडते त्याने कुठे वळायचे नाही हेही शिकले पाहिजे.

आता त्या विद्यार्थिनीला उत्तर. तुझ्या वाटेवर डांबर पडले पाहिजे. माझ्या रविवारसाठी तुझा सोमवार चिखलात जावा, असे म्हणणारे सौंदर्यशास्त्र मला शिकवायचे नाही. आजारी माणसाला बाजेवरून रस्त्यापर्यंत आणावे लागते अशा वस्तीला मुरमाच्या आवाजाचे कौतुक सांगणे हा उद्धटपणा होईल. वस्तीपासून थांब्यापर्यंत, शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत पक्का रस्ता हवा, तो आधी हवा, आणि त्याला मोऱ्या हव्यात. कारण तुझ्याच निबंधाप्रमाणे तुझी सायकल रुतते ती मुरमात नव्हे, पाणी साचणाऱ्या काळ्या मातीत.

पण प्रत्येक तुटक रेष पक्की केली पाहिजे, हे मला मान्य नाही. तलावाच्या काठाची वाट, दोन माळांमधली गाडीवाट, मेंढरांची वाट यांच्या टोकाला वस्ती नाही. तिथे डांबर गेले की आधी वेग येतो, मग कुंपण, मग प्लॉटचे फलक. त्या वाटा मुरमाच्याच राहू द्याव्यात. त्यांची वहिवाट मोडू नये, त्या अडवूही नयेत. कोणता रस्ता कोणासाठी, हे ठरवताना ग्रामसभेत त्या वाटेने जाणाऱ्या मेंढपाळालाही विचारावे.

आपण साहित्याचे शिक्षक यात काय करणार? निदान एक गोष्ट करता येईल. 'बनगरवाडी' शिकवण्याआधी वर्ग एकदा माळावर न्यावा, पायी किंवा सायकलने. पुढच्या हिवाळ्यात मी तसे करणार आहे. वाट त्या विद्यार्थिनीनेच दाखवावी, असे तिला विचारले आहे. ती म्हणाली, "सर, पाऊस पूर्ण उघडल्यावर या. आणि पंप घेऊन या."