विकलेलं खोंड

आमच्याकडं एखाद्या बैलानं मैदान मारलं, की दुसऱ्या दिवशी त्याला आदत असताना बघितलेले निदान पंधरा लोक निघतात. त्यातले पाच जण म्हणतात, ‘माझ्या दावणीला येणार होता, विसार द्यायचा तेवढा राहिला.’ आणि एखादा मान खाली घालून म्हणतो, ‘आरं, मीच इकला की त्येला.’ त्या दिवशी त्याच्या चहाचे पैसे दुसरा कुणीतरी देतो. दहिवडीच्या टपरीवर मी हे इतक्यांदा बघितलंय, की चहा कुणाला फुकट मिळणार ते आता मला आधीच कळतं.

आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो. दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. शर्यतीचा बैल घ्यायचा तो खरं तर आदत असतानाच, कारण दुसा झाल्यावर पळायला लागला तर त्याची किंमत आपल्यासारख्याच्या हाताबाहेर जाते. पण आदत खोंडात दिसतं काय? घेणारा छाती बघतो, पायाची नळी बघतो, खूर बघतो, कातडी चिमटीत धरून बघतो, भोवरा कुठं आहे ते बघतो. पळतो कसा हे मात्र त्यातलं काहीच सांगत नाही. खिल्लार ही माणदेशाची जात. तिच्या पोटभेदांची नावंसुद्धा आटपाडी महाल, म्हसवड अशी आमच्या गावांवरून पडलेली. त्यामुळं प्रत्येक म्हातारा स्वतःला पारखी समजतो. खरसुंडीच्या पौषातल्या यात्रेत दोन पारखी एकाच खोंडापुढं उभे केलेत तर तिसरं मत खोंडाच्या मालकाचं निघतं.

पूर्वी सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा. आकडा घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाच माहीत. हेड्यानं, म्हणजे दलालानं, मध्ये किती खाल्ले ते देवाला. ‘केवढ्याला दिला?’ या प्रश्नाला अजून तीन उत्तरं मिळतात ती त्यामुळंच.

आता घरचं सांगतो. २०१९ च्या पौषात आमच्या आण्णांनी एक खोंड विकलं. कोसा रंग, शिंगं नुकती मागं वळायला लागलेली. तीन वर्षांनी तेच खोंड सांगलीकडच्या मैदानात फायनलला आलं आणि गुलालात न्हालं. मोबाइलवर लाइव्ह चालू होतं. आण्णांनी त्याला कपाळावरच्या भोवऱ्यावरून ओळखलं आणि मोबाइल माझ्या हातात देऊन ते गोठ्यात गेले. तेव्हापासून टपरीवर आमच्या घराचं नाव निघतं ते या एका व्यवहारापुरतंच. ‘तुमच्या आण्णांनी सोनं इकलं.’ कुणी तर हिशेबही मांडून देतो: अमुक मैदानाचे इतके, तमुकचे इतके, आणि कुठं तरी थार गाडी बक्षिसाला होती, ती वेगळीच.

माझा भाचा मेलबर्नला असतो. त्याला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ‘मामा, इथं माझ्या ऑफिसात दर वर्षी हेच चालतं, फक्त बैलाच्या जागी माणसं असतात.’ ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, लांबट चेंडूचा, हातानंही खेळायचा. तिथं नवी पोरं संघात घ्यायची तर ओळीनं नंबर लागतात आणि तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. २००१ साली फ्रीमँटल तळाला होता. त्यांनी ती पहिली निवड, आणखी दोन निवडी जोडून, हॉथॉर्नला देऊन टाकली आणि बदल्यात ट्रेंट क्रोड हा तयार खेळाडू घेतला. म्हणजे आदत देऊन चौसा घेतला म्हणा. हॉथॉर्ननं त्या निवडीवर ल्यूक हॉज उचलला. पुढं तो त्यांचा कर्णधार झाला आणि २०१३ ते २०१५ अशी सलग तीन विजेतेपदं त्याच्या हाताखाली आली. क्रोड दोन हंगामांत हॉथॉर्नला परत गेला आणि २००८ ला दोघं एकाच संघातून अजिंक्य ठरले! दिलेलं खोंड आणि घेतलेला बैल, दोन्ही एकाच दावणीला. फ्रीमँटलवाल्यांच्या जिवाचं काय झालं असेल ते आमच्या टपरीनं लगेच ओळखलं.

२००१ च्या त्याच निवडीत तिसऱ्या नंबरावर वेस्ट कोस्ट संघानं क्रिस जडला घेतलं. तोही मोठा निघाला, म्हणून हॉथॉर्नचे लोकही निवांत नाहीत. जड घ्यायला हवा होता की हॉज, हा वाद त्यांच्यात वीस वर्षांनंतरही चालतो. माणसाला जिंकूनसुद्धा भांडायला काहीतरी लागतं.

पण मला त्यात गंमत वाटली ती चौथ्याच नावाची. क्रोडबरोबर फ्रीमँटलला ल्यूक मॅकफार्लिन नावाचा एक पोरगाही मिळाला होता. तो २०१५ पर्यंत त्यांच्याकडूनच खेळला, बचावाची भिंत होऊन. सौद्याची गोष्ट सांगताना हॉज येतो, क्रोड येतो. मॅकफार्लिन बहुतेकदा राहूनच जातो.

आमच्या खोंडाच्या सौद्यातही एक मॅकफार्लिन आहे.

२०१८ चा पाऊस माणला शिवलाच नव्हता. ऑक्टोबरात सरकारनं दुष्काळ जाहीर केला, नवीन वर्ष उजाडता म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. घरी एक गाय, एक म्हैस आणि ते खोंड. शर्यतीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बंदी आणली होती, ती उठेल असं वकीलही छातीठोकपणे सांगत नव्हते. ती सशर्त सुटली १६ डिसेंबर २०२१ ला, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतीला मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्का मारला. (काठी, चाबूक, शॉक चालणार नाही, अशी अट आहे. ती सगळ्या मैदानांत पाळली जाते असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.) पळायला मैदान नाही आणि खायला वैरण नाही, असल्या साली आण्णांनी खोंड दिलं. त्या पैशात कडब्याच्या दोन गाड्या आल्या. गाय जगली, म्हैस जगली. हे टपरीवर कुणी मोजत नाही, कारण कडबा काही फायनलला पळत नाही.

आणि खोंड आमच्याकडं राहिलं असतं तर पळालं असतंच का? बैल एकटा पळत नाही. त्याला पैरा लागतो, तोडीस तोड दुसरा बैल. नव्या मालकाला तसा पैरा मिळाला, हात ओळखणारा ड्रायव्हर मिळाला, दूध-अंडी परवडली. आमच्याकडं त्याला जोडीला मिळाली असती ती म्हैस.

मी एकदा हे सगळं टपरीवर मांडलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग एक जण म्हणाला, ‘त्ये खरं हाय. पर इकायला नगं व्हतं.’

त्या कडब्यावर जगलेल्या गाईला नंतर एक खोंड झालं. रंग तोच, भोवराही जवळजवळ तिथंच. गेल्या वर्षी त्याला शर्यतीच्या फाटीवर सोडून बघितलं, तर निम्म्यात थांबून ते लोकांकडं बघत उभं राहिलं. यावरही आता दोन तट पडलेत: एक म्हणतो दुसा झाल्यावर पळेल, दुसरा म्हणतो आत्ता देऊन मोकळं व्हा. परवा एक हेडा येऊन दात बघून गेला. आण्णांनी त्याला चहा पाजला, विसार घेतला नाही.