गच्चीवरच्या अँटेनाचं संगीत

प्लेलिस्टमध्ये स्केप्टा किंवा स्टॉर्मझी असेल, तर वाचता वाचता तो चालूच राहू द्या. 'अंडरग्राउंड' हा शब्द आज आपण टी-शर्टवरही मिरवतो. लंडनच्या ग्राइमने तो हौसेने घेतलेला नाही. वर जायचे दरवाजे बंद होते, म्हणून ते संगीत खाली राहिलं.

गोष्ट 2000 नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. पूर्व लंडनमधला बो हा भाग. कौन्सिलच्या उंच इमारती, त्यात कॅरिबियन आणि आफ्रिकन मुळांची कितीतरी कुटुंबं, आणि जवळच कॅनरी वॉर्फचे बँकांचे चकचकीत टॉवर. तेव्हा गॅरेज संगीताची चलती होती, पण अनेक क्लबांत थाट असा की नीट शर्ट-बूट घालून या, स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत. शाळकरी पोरांनी जायचं कुठे? त्यांनी घरीच मांडव घातला. कुणी कॉम्प्युटरवर फ्रूटी लूप्स उघडलं, कुणी चक्क प्लेस्टेशनवर ट्यून बनवल्या. मिनिटाला साधारण 140 ठोके, खोल बेस, मध्ये मोकळ्या जागा आणि त्यावर धडाधड शब्द. जंगल, गॅरेज, जमैकन डान्सहॉल, सगळ्याचा अर्क त्यात उतरला. वायलीची 2002 मधली 'एस्किमो' ऐका. नुसत्या वाद्यसंगीतानेही हुडहुडी भरते. असल्या रेकॉर्ड तो स्वतः गाडीच्या डिकीत घालून दुकानोदुकानी विकायचा. या प्रकाराला नावसुद्धा ठरलेलं नव्हतं. ग्राइम म्हणजे मळ, काजळी. ते चिकटलं ते चिकटलंच.

हे वाजवणार कोण? पायरेट रेडिओ. 1994 पासून चालणारं रिन्स एफएम बिनपरवाना होतं. इमारतीच्या गच्चीवर गुपचूप अँटेना लावायची, अधिकाऱ्यांनी ती काढून नेली की दुसरी लावायची. 2005 मध्ये रिन्सच्या संस्थापकांपैकी एक, डीजे स्लिमझी, याला टॉवर हॅम्लेट्समधल्या उंच इमारतींच्या गच्चीवर जायलाच बंदी झाली. गच्चीबंदी! ऐकायला गंमत वाटते, पण त्याचं कामच त्या गच्चीवर होतं. रिन्सला रीतसर परवाना मिळायला 2010 उजाडलं.

दरम्यान 2003 मध्ये बोच्याच डिझी रास्कलने 'बॉय इन द कॉर्नर' या पहिल्याच अल्बमसाठी मर्क्युरी प्राइझ पटकावलं. वय 18. आता सगळं सुरळीत होईल, असं वाटलं ना तुम्हाला? दोनच वर्षांनी लंडनच्या पोलिसांनी 'फॉर्म 696' आणला. कार्यक्रम करायचा तर कलाकारांची नावं, पत्ते, फोन नंबर आधी द्या. संगीत कुठल्या प्रकारचं, तेही लिहा. आणि सुरुवातीच्या फॉर्ममध्ये तर श्रोते कुठल्या वंशाचे असतील, हाही प्रश्न होता.

क्लबांत हिंसाचाराचे प्रकार घडत होते, हे नाकारायचं कारण नाही. बंदोबस्त ठेवायलाच हवा. पण दारावर झडती घेणं वेगळं आणि येणाऱ्यांच्या कातडीच्या रंगावरून आधीच धोका मोजणं वेगळं. वंशाचा प्रश्न टीकेनंतर काढला गेला, फॉर्म मात्र राहिला. कार्यक्रम रद्द होत राहिले आणि कलाकारांना आपल्याच शहरात स्टेज मिळेना. काहींनी मग आवाज गुळगुळीत करून पॉपची वाट धरली. त्यांना नावं ठेवू नका, पोट सगळ्यांनाच असतं.

पुन्हा उसळी आली ती मुळाकडे वळल्यावर. 2014 मध्ये स्केप्टाने 'दॅट्स नॉट मी'चा व्हिडिओ अवघ्या 80 पौंडांत केला, 2016 मध्ये मर्क्युरी जिंकलं. 2017 च्या सुरुवातीला स्टॉर्मझीचा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिला आला. फॉर्म 696 रद्द झाला तो त्याच वर्षी, नोव्हेंबरात. म्हणजे देशाच्या यादीत पहिल्या नंबरवर असलेलं संगीत राजधानीच्या पोलिसांच्या कागदावर तेव्हाही संशयितच होतं.

जमलं तर जुन्या पायरेट शोची रेकॉर्डिंग शोधून ऐका. खरखर आहे, आवाज मध्येच तुटतो, आणि एकाचं संपायच्या आत दुसरा माइक ओढून घेतो.