आठांतला एक

धारवाड म्हटले की गोव्यातल्या मराठी माणसाला पेढा आठवतो आणि गाणे आठवते. हुबळी म्हटले की गंगूबाई हनगल. वाचनाची सवय असेल तर जी. ए. कुलकर्णी आणि बेंद्रेही आठवतात. वास्कोहून लोंढ्याकडे जाणारी गाडी पकडायची, घाट चढायचा, की काही तासांत आपण तिथे. पण या जोडशहरांची आणखी एक ओळख आहे. ही कॉलेजांची शहरे आहेत. कर्नाटक विद्यापीठ १९५० पासून धारवाडला, सरकारी मेडिकल कॉलेज १९५७ पासून हुबळीला, कृषी विद्यापीठ १९८६ पासून धारवाडला, शिवाय खासगी मेडिकल, डेंटल आणि फार्मसी कॉलेजे. आपली कितीतरी मुले तिथे शिकून आली. जिथे औषधांवर संशोधन चालते तिथे इमारतीच्या मागच्या बाजूला कुठेतरी एक प्राणीघर असते. पांढरे उंदीर, ससे, गिनिपिग. आजचा लेख त्या प्राणीघरात जाणाऱ्या एका माणसाबद्दल आहे. पशुवैद्याबद्दल. आमच्या गावात त्याला अजून 'गुरांचो दोतोर' म्हणतात आणि उंदरांकडे गुरांच्या डॉक्टरचे काय काम, असा प्रश्न एखाद्याला पडेलही.

काम आहे, आणि ते कायद्याने नेमून दिलेले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्याच्या मागे एका नर्तिकेचा हट्ट होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेच्या सदस्य होत्या. १९५३ साली त्यांनी खासगी विधेयक मांडले, नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणण्याचे आश्वासन दिले म्हणून ते मागे घेतले, आणि सात वर्षांनी कायदा झाला. त्या कायद्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांना बंदी नाही. प्रयोग करा, पण माणुसकीने करा, शक्य तिथे भूल देऊन करा, पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी शिकवता येत असेल तर प्राणी वापरू नका, आणि निव्वळ हात बसावा म्हणून प्राणी कापू नका, असे त्यात आहे. १९६० साली लिहिलेले हे शब्द आपल्या कॉलेजांपर्यंत पोचायला पन्नास वर्षे लागली. झूलॉजीच्या प्रयोगशाळेतला मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणलेला बेडूक माझ्या पिढीने पाहिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने तो टप्प्याटप्प्याने हटवायला २०११ साली सांगितले आणि २०१४ साली पदवी-पदव्युत्तर वर्गातून पूर्ण थांबवला. फार्मसीच्या पदवी वर्गातही आता प्राण्यांवरचे प्रयोग संगणकावर दाखवतात.

म्हणजे प्राणीघरात उरले ते खरे संशोधन. त्यासाठी प्रत्येक संस्थेत एक नीती समिती असावी लागते. प्रयोग सुरू होण्याआधी अर्ज तिच्यासमोर यायचा: प्राणी किती, कशासाठी, वेदना किती, शेवट कसा. समितीत आठ जण. संस्थेतले शास्त्रज्ञ, प्राणीघराचा प्रमुख, बाहेरचा एक शास्त्रज्ञ, समाजातली एक बिगरशास्त्रज्ञ व्यक्ती, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी, आणि एक पशुवैद्य. आठांतला एक.

माझे म्हणणे असे आहे की बाकीचे सात जण प्रयोग समजून घेऊ शकतात, प्राणी समजून घेण्याचे शिक्षण मात्र या एकाचेच झालेले असते. आणि नेमक्या त्यालाच आपण सहीपुरते ठेवले आहे. माझ्या परिचयाचे एक पशुवैद्य अशाच एका समितीवर आहेत. गाव आणि कॉलेज सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. ते सांगतात, बैठकीच्या आदल्या रात्री जाडजूड फाईल येते, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर दहा-बारा अर्ज मंजूर होतात, आणि पुढचे सहा महिने त्या प्राणीघराची किल्ली कोणाकडे असते हेही त्यांना कळत नाही. "मला विचारतात, डॉक्टर, काही हरकत? आणि पेन पुढे करतात." हे सांगताना ते हसले, पण ते हसणे काही बरे नव्हते.

उंदराला दुखते आहे हे ओळखणे दिसते तितके सोपे नाही. ज्यांना दुसरे प्राणी खातात ते प्राणी दुखणे लपवतात, कारण लंगडणारा आधी पकडला जातो. उंदीर ओरडत नाही. तो पाठीची कमान करून बसतो, केस फिस्कारलेले राहतात, अंग चाटणे सोडून देतो. डोळ्यांभोवती लालसर डाग पडतो. नवखा विद्यार्थी त्याला रक्त समजून घाबरतो. प्रत्यक्षात तो डोळ्यामागच्या ग्रंथीतला स्राव असतो, ताणाची किंवा आजाराची खूण. ससा दात खातो. २०१० साली मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली: डोळे किती मिटले, गाल किती फुगले, कान आणि मिशा कुठे वळल्या. चांगला पशुवैद्य हेच पिंजऱ्यासमोर पाच मिनिटे उभा राहून पाहतो. पण त्यासाठी त्याने पिंजऱ्यासमोर उभे राहायला हवे, बैठकीच्या टेबलाशी नव्हे.

संशोधक मंडळी यावर म्हणतात, पशुवैद्याला औषधशास्त्र काय कळते, तो मध्ये आला की काम रखडते. पहिल्या भागात थोडे तथ्य आहे. दुसऱ्यात नाही. ताणाखालच्या प्राण्याच्या रक्तात संप्रेरके बदलतात, तो खात नाही, वजन उतरते, आणि मग औषधाचा परिणाम म्हणून जे आकडे छापले जातात ते औषधाचे की भीतीचे हे सांगता येत नाही. ज्या उंदराची नीट काळजी घेतली त्याच्यावरचा प्रयोगच विश्वासाचा. तेव्हा पशुवैद्य हा संशोधनाचा शत्रू नव्हे. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने प्रत्येक प्रयोगशाळेला नाव घेऊन एक पशुवैद्य नेमावा लागतो. अमेरिकेत तर वेदना आवरेनाशी झाली तर मध्ये पडण्याचा अधिकारच त्याला दिलेला असतो. आपल्याकडेही चालू प्रयोग त्याच्या एका शब्दावर थांबला पाहिजे, बहुमत नंतर. आणि त्याचे मानधन ज्या विभागाचे अर्ज तो तपासतो त्या विभागाच्या हातात असू नये.

मी प्रयोगांच्या विरोधात नाही. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घेतलेली माणसे आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे. मेंढीला रेबीजचा विषाणू टोचायचा, ती आजारी पडली की तिचा मेंदू काढायचा. त्या लशीने कितीतरी जीव वाचवले, आणि काही माणसांना लुळेही केले. पेशींवर वाढवलेली लस आली आणि २००४ च्या अखेरीस मेंढ्यांची लस आपल्या देशात बनणे थांबले. मेंढी सुटली आणि माणसालाही अधिक चांगली लस मिळाली. पर्याय शोधणे म्हणजे विज्ञान मागे नेणे नव्हे, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल मला माहीत नाही.

त्याच रेबीजवर पुढचे काम आपल्या गोव्यात झाले, आणि ते बरेचसे पशुवैद्यांनी केले. वर्षाला सुमारे ९५,००० कुत्र्यांना लस टोचली, दीड लाख मुलांना माहिती दिली. २०१३ ते २०१९ या काळाचा तो अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि त्याबरोबर माणसांचे मृत्यू थांबले. इथे अभ्यासाचा विषय असलेल्या प्राण्याचेच भले झाले. उरलेली प्रकरणे मुख्यतः सीमेलगत सापडली, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे पलीकडच्या बाजूच्या पशुवैद्याच्या हाती काय साधने आहेत, हा प्रश्न आपल्याही दाराशी येतो.

पलीकडे काही होत नाही असे मात्र मुळीच नाही. धारवाडच्या पेढ्यामागची ती काळी, लांब वळणदार शिंगांची म्हैस घ्या. 'धारवाडी' म्हणून तिची वेगळी जात २०२१ साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने नोंदवली. त्यामागे धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांची कित्येक वर्षांची गोठे हिंडण्याची मेहनत आहे. या भागातले अनेक गवळी घरात मराठी बोलतात. कलघटगी, हल्याळ, मुंडगोडकडचे धनगर गवळी तर बोलतातच. गवळ्याच्या गोठ्यात आठ जणांची समिती बसत नाही. तिथे म्हशीला हात लावायचा तर आधी गवळ्याला पटवावे लागते, आणि म्हैस आज बिथरली आहे हे त्याने सांगितले की त्या दिवशी मोजमाप बंद. फाईलवरच्या कुठल्याही मंजुरीपेक्षा ही परवानगी मला जास्त खरी वाटते. प्राणीघरातल्या उंदराला असा गवळी नसतो, त्याच्या वतीने 'आज नको' म्हणणारा पशुवैद्यच.

आपल्यापैकी ज्यांची मुले आज हुबळी-धारवाडला किंवा इथे पणजी-फोंड्याला औषधांचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला जेवता जेवता एवढे विचारून पाहावे: तुमच्या कॉलेजच्या समितीवरच्या पशुवैद्याचे नाव काय, आणि ते प्राणीघरात शेवटचे कधी आले होते?