छळ तोच, संरक्षण मात्र पतीच्या व्हिसानुसार

विवाहानंतर अमेरिकेत गेलेल्या भारतीय महिलेचा पतीकडून छळ होत असल्यास तिला त्या देशात राहता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर छळाच्या तीव्रतेपेक्षा पतीच्या व्हिसावर अधिक अवलंबून असते.

पती अमेरिकी नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक असल्यास १९९४ च्या महिला अत्याचारविरोधी कायद्यान्वये पत्नीला त्याच्या संमतीविना, त्याला कळू न देता, कायम वास्तव्याच्या दिशेने स्वतः अर्ज करता येतो. नावात महिलांचा उल्लेख असला, तरी पीडित पतीही यास पात्र आहेत. मारहाणीप्रमाणेच पराकोटीचे मानसिक क्रौर्यही ग्राह्य धरले जाते. घटस्फोट छळाशी संबंधित असेल, तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करणे आवश्यक असते.

एच-१बी व्हिसाधारकाच्या पत्नीला मात्र हे दार बंद आहे. या व्हिसाधारकांमध्ये भारतीय सर्वाधिक असून, देशनिहाय मर्यादेमुळे ग्रीन कार्डासाठी त्यांना दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागते. तोवर पत्नी एच-४ या अवलंबित व्हिसावरच राहते आणि घटस्फोट होताच हा दर्जा संपुष्टात येतो. साहजिकच घटस्फोटाची नुसती धमकीही छळाचे साधन ठरते.

अशा पत्नींना नोकरीचा परवाना देण्याची तरतूद जानेवारी २००६ मध्ये संमत झाली. प्रत्यक्ष अर्ज स्वीकारण्यास २०१७ साल उजाडले. पीडितेसाठी केलेल्या तरतुदीला अकरा वर्षे लागावीत, हे समर्थनीय म्हणता येणार नाही. शिवाय हा परवाना काम करू देतो, वास्तव्याचा दर्जा देत नाही.

उरतो तो २००० च्या कायद्याने आलेला यू व्हिसा. त्यासाठी तपासास सहकार्य केल्याचे पोलिस वा सरकारी वकिलांसारख्या यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते. वर्षाला दहा हजारच मुख्य अर्जदारांना तो मिळत असल्याने प्रतीक्षा कित्येक वर्षांची असते. पतीवर पोलिसांत तक्रार करण्यास कचरणारी स्त्री या मार्गापर्यंत पोहोचतच नाही.

मायदेशी परतणाऱ्या महिलांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीय कक्ष आहे. पत्नीने जेथे आश्रय घेतला असेल, तेथेही क्रूरतेची तक्रार दाखल होऊ शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी अनिवासी भारतीयांच्या विवाहांची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक राज्यसभेत मांडण्यात आले; २०२४ मध्ये विधी आयोगाने सर्वंकष कायद्याची शिफारस केली. मात्र हे उपाय भारतातील कारवाईपुरते आहेत; अमेरिकेतील तिचा दर्जा त्यांनी बदलत नाही.

अपत्ये असल्यास पेच वाढतो. बालकांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. तरीही पतीच्या संमतीविना मुलांना भारतात आणणाऱ्या आईवर अमेरिकेत अपहरणाचा ठपका येऊ शकतो. त्यामुळे परतीचे तिकीट काढण्यापूर्वी तेथील वकिलाचा सल्ला घेणे, तसेच पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि पोलिस तक्रारीची प्रत स्वतःजवळ ठेवणे अगत्याचे ठरते.